अडीचला जाग येते तेव्हा चाकणला सात वाजलेले असतात

पत्रलेखिका ४४ वर्षांच्या आहेत. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागाच्या प्रमुख. कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो आणि मोठे कस्टमर जर्मनीत आहेत, म्हणून दर सहा-सात आठवड्यांनी त्यांना स्टुटगार्टला जावं लागतं. वर्षातून एकदा डेट्रॉइटलाही. घरी नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. तीन वर्षं हे चालू आहे, पण गेल्या वर्षभरात झोपेचं पार खोबरं झालंय, असं त्या लिहितात. हॉटेलात रात्री अडीचला टक्क जाग येते. दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात. मागच्या खेपेला कस्टमरसमोर एकच आकडा दोनदा चुकीचा वाचला गेला. सहकाऱ्याने दिलेली झोपेची गोळी त्यांनी विमानात वाइनबरोबर घेतली, तर फ्रँकफर्टला उतरल्यानंतरचा अर्धा तास त्यांना आठवतच नाही. परत आल्यावर तीन-चार दिवस चिडचिड होते. मुलगा आत्याला फोनवर सांगत होता, "आई आली की दोन दिवस तिच्याशी बोलायचं नसतं." ते कानावर पडलं आणि त्यांनी पत्र लिहायला घेतलं. आता कंपनीने वरचं पद देऊ केलंय, त्यात प्रवास दुप्पट होईल. त्या विचारतात: खात्रीने झोप लागेल अशी एखादी गोळी किंवा युक्ती आहे का? आणि आता वय झालं, अंगात दम राहिला नाही, असं समजून हे पद नाकारावं का?

नमस्कार,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेतली आणि समासात तास मांडत गेले. मागच्या दौऱ्याचं वेळापत्रक तुम्ही इतकं तपशीलवार लिहिलंत, ते फार बरं झालं. उत्तर बरंचसं त्यातच आहे.

शनिवारी रात्री दीडला झोपलात, रविवारी साडेपाचला उठलात. दिवसभरात आठवड्याच्या भाज्या चिरून डब्यांत भरल्यात, मुलाच्या पाच दिवसांच्या डब्याचं कोष्टक फ्रिजवर लावलंत, सासूबाईंच्या गोळ्या वारांप्रमाणे लावून ठेवल्यात, पोळ्यांच्या मावशींना दोनदा फोन केलात. मग बॅग भरलीत. संध्याकाळी साडेसातला टॅक्सी, रात्री २:५० चं विमान. विमानात गोळी घेऊनही जेमतेम दोन तास गुंगी. तिथल्या सकाळी सातला फ्रँकफर्ट, रेल्वेने स्टुटगार्ट आणि अकरा वाजता कस्टमरच्या टेबलावर. त्या वेळी पुण्यात दुपारचे साडेतीन वाजले होते. म्हणजे रविवारी पहाटे उठल्यापासून ३४ तास झाले होते, आणि त्यात झोप दोन तासांची.

याला मी जेट लॅग म्हणणार नाही. हे सरळसरळ जागरण आहे. विमानाने त्यात भर घातली, पण त्याची सुरुवात तुमच्या स्वयंपाकघरात झाली होती.

१९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी एक तुलना मांडली होती. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हातडोळे जितके मंदावतात, तितकेच ते रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना मंदावतात. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. तुमचे १७ तास रविवारी रात्री साडेदहालाच भरले होते. तेव्हा तर तुम्ही अजून विमानातही बसला नव्हतात! अशा अवस्थेत दुसऱ्या दिवशी तुम्ही परक्या भाषेतल्या मीटिंगमध्ये रिजेक्शनचे आकडे वाचत होतात. एक आकडा चुकला यावरून वयाचा किंवा दम कमी पडल्याचा निष्कर्ष मी तरी काढणार नाही. पंचविशीतल्या मुलानेही तो आकडा चुकवला असता.

म्हणून पहिली विचारणा त्या रविवारबद्दल. सहा दिवसांचं घर मागे लावून गेल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हे कुणी ठरवलं? तुमचे यजमान टूरवर जातात तेव्हा ते शनिवारी रात्री काय करतात? पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल चांगलंच लिहिलंय, म्हणून मी हे टोमण्याने विचारत नाही. बहुतेक त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की फ्रिजवरचं ते कोष्टक म्हणजे तुमचे तीन तास आहेत. बाई कामासाठी परदेशी जाते तेव्हा तिने आपल्या नसण्याची भरपाई आगाऊ करायची, हा आपल्या घरांतला न बोललेला नियम आहे, आणि तो बायकाच सगळ्यात काटेकोरपणे पाळतात. मी स्वतः वर्षानुवर्षं पाळला. जानेवारीच्या दौऱ्याआधी एवढंच करून बघा: भाज्या आणि डबे पूर्णपणे यजमानांकडे. त्यांनी पोळीभाजी केंद्रातून आणलं तरी चालेल, मुलाने दोन दिवस पोळीचा लाडू नेला तरी चालेल. तुम्ही रविवारी दुपारी दोन तास खोलीचं दार लावून झोपा. ज्या रात्री झोप मिळणार नाही हे आधीच माहीत आहे, त्या रात्रीआधी घेतलेली झोप वाया जात नाही.

आता त्या अडीचच्या जागेबद्दल.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या कामापुरतं एवढं लक्षात ठेवायचं की हे घड्याळ मनगटावरच्या घड्याळासारखं एका झटक्यात मागे-पुढे करता येत नाही. ते रोज साधारण तास-दीड तास सरकतं, आणि तेही मुख्यतः प्रकाश बघून. माणसांत त्याचा स्वतःचा फेरा सरासरी २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे दिवस लांबवणं, म्हणजे पश्चिमेला जाणं, त्याला सोपं जातं. दिवस आखडणं, म्हणजे पूर्वेला परतणं, जड जातं. जर्मनीला जाताना तुम्ही बऱ्या असता आणि परतल्यावर कोलमडता, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं अर्ध कारण हे.

हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. स्टुटगार्टला अडीच वाजलेले असतात तेव्हा चाकणला सकाळचे सात, म्हणजे पहिल्या पाळीची वेळ. तुमचं शरीर रोजच्यासारखंच उठलेलं असतं. त्यात बिघाड काहीच नाही. खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे, आणि ती तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात: "जाग आलीच आहे तर म्हणून पहिल्या पाळीचे मेसेज बघते, दोन-तीन तास शांतपणे काम होतं."

मी ही ओळ पुन:पुन्हा वाचली. तुम्हाला वाटतं की ते तास तुम्ही वाया जाऊ देत नाही. पण शरीराच्या बाजूने बघा. अडीचला खोलीतला दिवा लागतो, फोनचा पडदा डोळ्यांसमोर येतो, चाकणच्या लाइनवर काय अडलंय ते कळतं, छातीत थोडं धस्स होतं. घड्याळाला याचा एकच अर्थ लागतो: पुण्यात सकाळ झाली, कामाला लागा. भारतातल्या पहाटेनंतर डोळ्यांवर पडणारा प्रकाश शरीराला भारताच्याच वेळेला घट्ट बांधून ठेवतो. मग दिवसभर तुम्ही जर्मनीच्या वेळेने काम करता, साडेसातला कस्टमरबरोबर जेवायला जाता, म्हणजे पुण्याच्या मध्यरात्री जेवता, दहाला झोपता आणि पुन्हा अडीचला चाकण. एका दिवसात दोन देशांच्या पाळ्या. सहा दिवस असं केल्यावर सातव्या दिवशी चिडचिड होणार नाही तर काय होईल?

तेव्हा गोळीच्या आधी हे ठरवा की त्या आठवड्यात पहिल्या पाळीचा रिपोर्ट कोण बघणार. पत्रात तुम्ही तुमच्या हाताखालच्या एका मॅनेजरचं कौतुक केलंय, बहुधा तेच. शुक्रवारी त्यांना लेखी द्या: या तीन गोष्टी घडल्या तरच मला फोन करा, बाकी सगळं तुमच्या निर्णयाने, मी जर्मनीच्या सकाळी सातला, म्हणजे तुमच्या साडेअकराला, एकदा बोलेन. आणि फोन रात्री बाथरूममध्ये चार्जिंगला लावा. उशाशी नको. घरच्या अडीनडीसाठी यजमानांचा एकच नंबर वाजेल असं फोनमध्ये करून ठेवता येतं.

जाग आलीच तर? पहिली रात्र तशीही खराब जाणार, ते गृहीत धरा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की नव्या जागेत पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बाहेरच्या आवाजांकडे थोडा कान ठेवून असतो. परक्या जागी राखण करावी तसा. म्हणून दर खेपेला तेच हॉटेल मागा, जमलं तर रस्त्याच्या मागच्या बाजूची खोली. मी घरचा धुतलेला, मऊ झालेला उशीचा अभ्रा न्यायचे. आईच्या जुन्या सुती लुगड्याचा शिवलेला होता तो. हॉटेलच्या कडक पांढऱ्या उशीवर तो चढवला की गाल टेकवल्यावर ओळखीचा वास यायचा. याचं शास्त्र मला सांगता येणार नाही, पण मी तो वीस वर्षं नेला.

अडीचला उठल्यावर घड्याळ बघू नका. मोठा दिवा लावू नका. भूक लागेल, कारण पोटाचं आणि यकृताचंही आपापलं घड्याळ असतं आणि त्यांच्या दृष्टीने नाश्त्याची वेळ झालेली असते. एखादा राजगिऱ्याचा लाडू खा, पाणी प्या, पुन्हा आडव्या व्हा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर पलंगावर तळमळत राहू नका. खुर्चीत बसा, पिवळ्या मंद दिव्यात छापील पुस्तक वाचा, कामाचं सोडून काहीही. पेंग आली की परत अंथरुणात. झोप आली नाही तरी अंधारात शांत पडून राहिल्याने नुकसान होत नाही. नुकसान प्रकाशाने आणि काळजीने होतं.

पुढचा विचार दौऱ्याच्या लांबीचा, कारण प्रत्येक वेळी घड्याळ बदललंच पाहिजे असं नाही. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. तीन दिवसांत परतायचं असेल तर बदलूच नका. जर्मनीत राहून पुण्याच्या वेळेच्या जवळपास जगा: रात्री आठ-साडेआठला झोपा, तीन-साडेतीनला उठा, आणि तेव्हा खुशाल काम करा. अशा दौऱ्यात पहाटेचं काम योग्यच. अडचण एकच, संध्याकाळचं जेवण. ते आधीच दुपारवर न्या. "पहिले दोन दिवस मला लवकर झोपावं लागतं, आपण लंचला भेटू या का?" असा एका ओळीचा मेल दौऱ्याच्या दोन आठवडे आधी पाठवा. वेळ आधी ठरलेली असली की जर्मन लोक ती पाळतात. ऐनवेळी बदलली की खट्टू होतात.

पाच-सहा दिवस राहायचं असेल तर मात्र घड्याळ सरकवा, आणि नेटाने सरकवा. जाण्याआधी दोन-तीन रात्री तासभर उशिरा झोपा आणि तितक्याच उशिरा उठा. (शनिवारी दीडला झोपलात ते दिशेला धरून होतं, साडेपाचचं उठणं नव्हतं.) तिथे पोचल्यावर दुपारी आणि संध्याकाळी उजेडात राहा, पहाटे अंधारात. जानेवारीत स्टुटगार्टला सूर्य आठनंतर उगवतो, तो अंधार तुमच्या फायद्याचा. पण पाचच्या सुमाराला मावळतोही, म्हणून तीन-चारला कोट चढवून अर्धा तास बाहेर चालून या आणि संध्याकाळी खोलीतले सगळे दिवे लावा. जूनमध्ये नेमकं उलट. तेव्हा तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, जेवणानंतर फिरायला जा. पण पहाटे पाच-सव्वापाचलाच उजाडतं, तेव्हा पडदे फटीसकट बंद करा. मी कपडे वाळवायचे दोन चिमटे बॅगेत ठेवायचे, पडद्यांची मधली फट बंद करायला.

कॉफी दुपारी एक-दीडपर्यंतच. चार वाजता प्यायलेल्या कपातलं साधारण निम्मं कॅफीन रात्री नऊलाही अंगात असतं. वाइनने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटक होते, आणि तुमची नेमकी तीच आधीपासून तुटलेली आहे. दुपारी असह्य झालं तर गजर लावून वीस मिनिटांची डुलकी. त्याहून लांबली की उठल्यावर डोकं अधिक जड होतं.

आता जो मुद्दा तुम्ही स्वतःच खोडून टाकलात तो. तुम्ही लिहिलंय, "एक दिवस आधी जायला मिळालं तर बरं, पण मागायला कसंतरी वाटतं. आमच्या टीममध्ये मी एकटीच बाई, लगेच म्हणतील झेपत नाही." हे वाटणं मी हसण्यावारी नेणार नाही. असं म्हणणारे लोक असतात. पण मागायचं कसं, ते आपल्या हातात असतं. थकव्याची भाषा बोलायची नाही, कामाची बोलायची. "सोमवारी प्रवास, मंगळवारी सकाळी नऊला मीटिंग. आकड्यांवर चर्चा आहे, मी ताजी असणं कंपनीच्या हिताचं आहे." ट्रॅव्हल डेस्कला आणखी एक सांगा: हॉटेलात खोली बहुतेक दुपारी दोन-तीनला मिळते आणि तुम्ही तर सकाळी दहाला शहरात पोचता. म्हणून खोली आदल्या रात्रीपासूनच आरक्षित करायची. एका रात्रीचं भाडं जास्त पडेल. कस्टमरसमोर चुकलेला आकडा सावरायला तुमच्या कंपनीला किती मेल, किती कॉल आणि किती दिवस लागले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि तुम्ही हे मागितलंत की तुमच्या पाठोपाठ टीममधले पुरुषही मागतील, बघा. तेही पेंगतच असतात, फक्त बोलत नाहीत.

डेट्रॉइटचं थोडक्यात सांगते, कारण ते प्रकरण वेगळं आहे. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, दिवस-रात्र जवळपास उलटी. पाच दिवसांत तिथे पूर्ण रुळणं शक्यच नाही, तेव्हा तशी अपेक्षाही ठेवू नका. पहिल्या दिवसांत तिथली सकाळ म्हणजे तुमची संध्याकाळ, डोकं शाबूत असतं. महत्त्वाचं सगळं जेवणाआधी उरका. दुपारी दोननंतर तुमची मध्यरात्र सुरू होते आणि तिथल्या सहाला तुमची पहाटेची साडेचार वाजलेली असते, म्हणजे सगळ्यात जास्त पेंग येण्याची वेळ. दुपारी बाहेर उजेडात चाला, त्याने घड्याळ योग्य बाजूला सरकतं. पण संध्याकाळी भाड्याची गाडी स्वतः चालवू नका. उजव्या बाजूने चालणारा रस्ता, बर्फ आणि साडेचारची झोप, हे तिन्ही एकत्र नकोच.

गोळीबद्दल मी स्पष्ट लिहिते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी पुन्हा घेऊ नका, आणि दारूबरोबर तर कधीच नाही. तो न आठवणारा अर्धा तास हा इशारा होता. त्या अर्ध्या तासात तुम्ही पासपोर्ट दाखवलात, सामान उचललंत, फलाट शोधलात आणि यातलं काहीच तुमच्या हातात नव्हतं. शिवाय गोळीच्या अमलाखाली आठ-नऊ तास एकाच अवस्थेत बसून राहिलं की पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. चार तासांपेक्षा लांबच्या कुठल्याही विमानप्रवासात मधूनमधून उठून चालायला सांगतात ते त्यासाठीच. सहकाऱ्याने ती भल्या हेतूनेच दिली असेल, तरी परत करा.

मेलाटोनिनचं तुम्ही विचारलंय. अंधार पडला की मेंदूत हे द्रव्य स्रवतं आणि रात्र झाल्याची खबर शरीराला देतं. गोळीतूनही ते खबरच देतं, झोपवत नाही. म्हणून ते कधी घेता याला महत्त्व आहे. चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ उलट्या बाजूला जातं. जर्मनीला जाताना तुम्हाला त्याचा फारसा उपयोग नाही. परतल्यावर दोन-तीन रात्री, झोपायच्या वेळी, कमी मात्रेत उपयोग होऊ शकतो. पण रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, फिट्स येत असतील किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर नाही. आणि बाकी कुणीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

परतीच्या प्रवासावर जरा थांबते, कारण तिथे मी स्वतः चुकले होते. २००८ सालची गोष्ट. शिकागोहून मुंबईला मध्यरात्री उतरले. नवरा पुण्याहून गाडी घेऊन आला होता, दिवसभर काम करून. तो दमलेला दिसला म्हणून मी म्हटलं, मी विमानात झोपलेय, मी चालवते. एक्स्प्रेस वे मोकळा होता. खिडकी थोडी उघडी ठेवली होती, रेडिओ लावला होता. भाताणचा बोगदा मला आठवतो. त्यानंतर एकदम खालापूर टोलनाक्याचे दिवे समोर. मधला माडपचा बोगदा कधी गेला ते मला आजही सांगता येत नाही. नवरा शेजारी गाढ झोपला होता. टोल भरून मी गाडी बाजूला घेतली, किल्ली काढली, आणि हात थरथरायला लागले. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच गाडीत झोपलो. त्यानंतर आयुष्यात मी विमानातून उतरून चाकाला हात लावला नाही. तुम्ही टॅक्सीने येता हे उत्तम, पण सोमवारी सकाळी स्वतः गाडी घेऊन भोसरीच्या रहदारीतून चाकण गाठता, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्या आठवड्यात कंपनीची बस घ्या, किंवा मंगळवारपर्यंत घरून काम करा.

रविवारी पहाटे सहाला घरी पोचल्यावर तुम्ही "आता झोपलं तर रात्री झोप येणार नाही" म्हणून जाग्याच राहता, पर्वतीला फिरायला जाता, पोहे करता, कपडे मशीनला लावता. पहाटेचा उजेड डोळ्यांवर घ्या, असं सगळीकडे सांगितलं जातं आणि एरवी ते बरोबरही आहे. पण जर्मनीत आठवडाभर राहून घड्याळ तिकडचं झालं असेल, तर पुण्याचे सकाळचे सहा म्हणजे तुमच्या शरीराची रात्रीची दीड. त्या वेळी घेतलेलं ऊन घड्याळाला आणखी मागे, जर्मनीकडेच ढकलतं! तेव्हा पहिले दोन दिवस नऊपर्यंत प्रखर प्रकाश टाळा. रविवारी घरी आल्या आल्या पडदे ओढून झोपा, साडेनऊ-दहाला गजर लावून उठा, आणि मग दुपारपर्यंत भरपूर उन्हात राहा. पर्वती दहानंतर चढा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून नेहमीची पहाट. तीन दिवसांच्या दौऱ्यात पुण्याचीच वेळ पाळली असेल तर यातलं काही लागणार नाही.

पत्रातली आणखी एक ओळ: "घरी असताना साडेपाच तास झोपते, तेवढी मला पुरते." पुरते का? रविवारी गजर न लावता किती झोपता, ते दोन-तीन आठवडे लिहून ठेवा. आठ तास निघाले तर उरलेले पाच-सहा दिवस तुम्ही उधारीवर जगताय. आणि चाळिशीच्या मध्यावर बाईची झोप मोडायला मासिक पाळीतले बदल, थायरॉइड, हिमोग्लोबिन अशी बरीच कारणं असू शकतात. गेल्या वर्षभरातच हे वाढलंय म्हणता, तर या तपासण्या एकदा करून घ्या. यजमानांना विचारा, तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का. उत्तर हो असेल तर झोपेच्या डॉक्टरांकडे जा. झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार बायकांमध्ये नेहमी निसटतो, कारण कुणी विचारतच नाही.

हे सदर वाचणाऱ्यांत मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले आजी-आजोबाही आहेत, त्यांच्यासाठी एक. इन्सुलिन घेत असाल तर दिवस दहा तासांनी लांबल्यावर डोस कसा घ्यायचा, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि पहिले चार दिवस नातवाची रात्रपाळी अंगावर घेऊ नका.

राहिला पदाचा प्रश्न. दौऱ्यावरून आल्यानंतरच्या आठवड्यात त्याचं उत्तर ठरवू नका. त्या दिवसांत सगळंच अंगावर आल्यासारखं वाटतं. कंपनीकडून फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत मागा. जानेवारीचा दौरा वर लिहिल्याप्रमाणे करून बघा आणि मग ठरवा. आणि घ्यायचं ठरलं तर अटी त्याच वेळी घाला: एक दिवस आधी पोचणं, उतरल्या दिवशी मीटिंग नाही, परतल्यावर एक दिवस घरून, आणि पहिल्या पाळीची जबाबदारी अधिकृतपणे दुसऱ्याकडे. पद स्वीकारताना या गोष्टी सहज लिहून मिळतात, सहा महिन्यांनी त्यांच्यासाठी भांडावं लागतं. आणि हे सगळं करूनही घरापासून इतके दिवस लांब राहणं नको वाटलं, तर नाही म्हणा. पण मग कारण ते असू दे. अडीचची जाग हे कारण नको.

मुलाला मात्र जानेवारीची वाट न बघता सांगा. अकरा वर्षांचा आहे, त्याला हे छान कळेल. भिंतीवर दोन घड्याळं लावा, एक पुण्याचं, एक स्टुटगार्टचं, आणि दुसऱ्याची जबाबदारी त्याच्याकडे द्या. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते तासभर सरकवायचं, हेही त्यालाच सांभाळू दे. तुम्ही परत आलात की त्याने बघावं, आईच्या अंगात आता किती वाजलेत. मग बोलायचं की नाही, ते त्याचं तो ठरवेल.